तीन वाजताचा आकडा

१

कृष्णकांत सावे सकाळी चहाच्या आधी गाडीचा आकडा बघायचा, यावरून चिंचणीत त्याची यथेच्छ थट्टा व्हायची. थट्टा करणाऱ्यांत पहिला नंबर घरच्याच माणसाचा. "उठल्या उठल्या लोक देवाला हात जोडतात," त्याची बायको दमयंती म्हणायची, "आमच्या घरात गिअरबॉक्सचा ताप बघतात."

तो बघायचा, कारण त्याला बघावंच लागायचं. चार वर्षांपूर्वी तारापूरच्या एका कारखान्यात उकळत्या तेलानं त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत भाजला होता. पाय वाचला, पण घोटा आखडला तो कायमचाच. क्लच दाबणं काही त्या पायाला जमेना. मग तीन-साडेतीन वर्षं ओट्यावर खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून त्यानं रस्त्यावरची माणसं मोजली. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय सावे, पाय कसा हाय?" त्या प्रश्नाचा त्याला इतका वीट आला की शेवटी त्यानं ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी पिकअप घेतली. कुणा साहेबाची होती, साहेबाची बदली झाली. पुढे दोन सीट, मागे तिघांची एक, आणि त्यामागे उघडा हौदा. साहेबानं तिच्यातून बायकामुलांना समुद्रावर नेलं असेल. कृष्णकांतनं तिच्यात ढोबळी मिरचीचे क्रेट रचले आणि वाघोबा खिंड चढवली. तिसऱ्याच फेरीत गाडीनं घाटात धूर काढला.

"काका, इंजिन एकदम ओके," बोईसरचा दर्पण मेकॅनिक गाडीखालून बाहेर येत म्हणाला. "तापतंय ते गिअरबॉक्सचं तेल. या गाडीत क्लचचं काम तेल करतं. ते जळलं की गिअरबॉक्स गेला, आणि गिअरबॉक्स गेला की गाडी भंगारात." त्यानं तेलाच्या वाटेवर एक सेन्सर बसवला आणि स्टिअरिंगशेजारी काडेपेटीएवढं मीटर. त्यात तीन लाल आकडे. "शंभरपर्यंत बिनधास्त. एकशेवीस दिसलं की बाजूला घ्यायची, न्यूट्रल करायची, पण इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं तर तेल फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी करपतं."

हे कृष्णकांतला शिकवायचं म्हणजे कोळ्याला पाणी दाखवण्यासारखं होतं. बावीस वर्षं तो गरम तेलाच्या हीटरवर ऑपरेटर होता. तापलेलं तेल फिरतं ठेवायचं आणि तासातासाला त्याचा आकडा वहीत टिपायचा, हीच त्याची नोकरी. घरी येऊन त्यानं दोनशे पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. वेळ, ठिकाण, माल, आकडा, सही. सही कुणाला दाखवायची होती देव जाणे, पण रकान्याशिवाय वही त्याला नागडी वाटली.

रोजचा रस्ता ठरलेला. चिंचणीहून निघून बोईसर, पालघरच्या बाजारात निम्मे क्रेट, मग वाघोबा खिंड ओलांडून मस्तान नाक्यावरच्या व्यापाऱ्याकडे उरलेले. आकडेही हळूहळू ठरून गेले. सकाळी गार गाडीत चोवीस-पंचवीस, पालघरला ब्याऐंशी, खिंडीच्या माथ्यावर एकशेचार, मस्तान नाक्यावर ब्याण्णव.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी पालघरला हमाल उशिरा आले. कृष्णकांत वैतागून स्टिअरिंगवर वही ठेवून बसला होता. रिकाम्या हातांना चाळा म्हणून त्यानं पुढच्या दोन ओळी तिथंच भरून टाकल्या. खिंड, एकशेचार. मस्तान नाका, ब्याण्णव. खाली सही. यात त्याला काही वाटायचं कारण नव्हतं. कंपनीत सगळेच असं करायचे. रोज तोच आकडा येणार असेल तर दर तासाला उठून कोण जातो?

खिंडीच्या माथ्यावर देवळासमोर त्यानं सगळ्या ड्रायव्हरांसारखा एक हॉर्न दिला आणि मीटर बघितलं. एकशेचार. मस्तान नाक्यावर ब्याण्णव. "वा रे पठ्ठ्या," तो स्वतःला म्हणाला आणि खूश झाला.

२

दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम खोडी काढली. गाडी भरलेली, ऊन कडक, आणि त्यानं खिंडीपुढं लिहिलं, अठ्ठ्याऐंशी. घाट चढताना मीटर पंच्याऐंशी, शहाऐंशी करत वर गेलं आणि अठ्ठ्याऐंशीवर थांबलं. माथ्यापर्यंत हललं नाही.

परत येताना गाडी रिकामी होती. उमरोळीचा रस्ता सपाट, वारा समोरून गार. त्यानं रस्त्याकडेला थांबून लिहिलं, एकशेसतरा. दोन किलोमीटर पुढे मीटरमध्ये एकशेसतरा लागले. त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि हात लांबवून गिअरबॉक्सला बोट लावलं. बोट भाजलं.

म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हतं. तेल खरंच तापलं होतं.

दर्पणनं सेन्सर बदलला, तार बदलली, स्वतःचं यंत्र जोडून बघितलं. दोन्हींत एकच आकडा. "काका, चाळीस वेळा तोच रस्ता, तोच लोड. अंदाज बरोबर येणारच ना?" तो म्हणाला. मग कृष्णकांतचा चेहरा बघून त्यानं जरा मऊ आवाजात विचारलं, "झोप बरोबर होते ना?"

"झोपेला काय झालंय!" कृष्णकांत खेकसला. पण दर्पणचं म्हणणं त्याला पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. त्यानं ठरवलं, आता आगाऊ लिहायचं नाही. बघायचं आणि मग लिहायचं. विषय संपला.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर बोईसरमध्ये चित्रालयच्या सिग्नलला तो थांबलेला असताना पाठीमागून आवाज आला. टक, टक. लोखंडावर लोखंड, दोनदा. रिकामा क्रेट सरकला असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. सिग्नल सुटायच्या आत पुन्हा आला. टक, टक. कृष्णकांतनं उजव्या हाताची अंगठी स्टिअरिंगवर एकदा आपटली. टक.

मागचा आवाज थांबला.

सिग्नल हिरवा झाला, मागचे रिक्षावाले हॉर्न मारून बेजार झाले, तरी तो हातातल्या अंगठीकडे बघत बसला होता. ती खूण त्यानं चार वर्षांत कुणाला केली नव्हती. ती खूण जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातला एक मेला होता.

३

देवू मनोरकडच्या पाड्यावरचा, हीटरवर कृष्णकांतचा हेल्पर. हीटरच्या खोलीत पंपाची घरघर एवढी की ओरडून काही ऐकू जायचं नाही. म्हणून देवूनं स्वतःच युक्ती काढली होती. त्याला आकडा हवा असला की तो पाइपवर पाना दोनदा ठोकायचा. कृष्णकांतनं मीटर बघायचं, आणि ठीक असेल तर एकदा ठोकायचं. दोन म्हणजे बघ. एक म्हणजे बघितलं.

त्या दिवशी बाराचा डबा खाऊन कृष्णकांतनं एक, दोन आणि तीन वाजताचे आकडे भरून टाकले होते. तिन्ही दोनशेचाळीस, कारण रोज दोनशेचाळीसच असायचं. तीनला तो भिंतीबाहेर, पत्र्याच्या सावलीत चहा पीत होता. आतून टक टक आलं. त्यानं ग्लास डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं, न उठता, पत्र्यावर अंगठी आपटली. एकदा. दहा मिनिटांनी पाइपचा जोड फुटला. तो आत धावला, ते मात्र खरं. देवूला ओढताना त्याचा पाय भाजला. देवू दोन दिवसांनी गेला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी वही बघितली. तीन वाजता दोनशेचाळीस, खाली ऑपरेटरची सही. म्हणजे तेल ठीक होतं. म्हणजे हेल्परनंच चुकीचा व्हॉल्व्ह बंद केला असणार. असं लिहिलं गेलं, आणि कृष्णकांतनं मान हलवली. पुढच्या सुरक्षा दिनाला जिवावर उदार होऊन धावला म्हणून त्याला शाल मिळाली. ती अजून कपाटात प्लॅस्टिकमध्ये होती, आणि ते कपाट तो स्वतः कधी उघडत नसे.

हे दमयंतीलाही माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यानं आकडा बघितला. चोवीस. लिहायला वही उघडली तर त्या दिवसाच्या पानावर मधेच एक ओळ भरलेली होती. वेळ तीन. ठिकाण कोरं. आकडा दोनशेचाळीस. सही. अक्षर त्याचंच, चारची शेपटी वाकडी काढायची खोडही त्याचीच. त्यानं पान उलटलं. मंगळवारच्या पानावर तीच ओळ. बुधवारच्या. तो भराभरा पानं उलटत गेला. ज्या पानांवर अजून रकानेही आखले नव्हते, त्यांच्यावरही, शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत, तीन वाजता दोनशेचाळीस. पेन इतकं दाबून चालवलं होतं की मागच्या बाजूला हाताला उंचवटा लागत होता.

"दमयंती! या वहीला कुणी हात लावला?"

"तुमीच तं," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "काल दुपारभर लिवत बसलेले. डोळे मिटून. मी बोलले, झोपेत लिवतात का काय. मग म्हटलं, कंपनीतबी तसंच तं लिवायचे, तुमीच सांगायचे हसून." ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्याचं तोंड बघून थबकली. "काय झालं? अवो, बरं नाय का वाटत? नसेल झेपत तर इकून टाका ना ती गाडी."

"विकणार नाय."

"पण..."

"नाय म्हटलं ना!" त्यानं वही आपटली. "मी परत त्या ओट्यावर बसणार नाय. कुणी का येईना सांगायला."

खरं तर तो तिच्याशी बोलतच नव्हता. त्याला भीती वाटत होती आणि भीतीचा त्याला संताप आला होता. धावलो नव्हतो का मी? पाय दिला नव्हता का? आणखी काय हवंय? गाडीत बसून दार लावल्यावर त्यानं आरशात न बघता मागच्या सीटला स्पष्ट शब्दांत सांगितलं, "मी भीत नाय तुला."

४

त्या दिवशी त्यानं खिंडीकडे जायचंच नाही असं ठरवलं. सगळे क्रेट पालघरला उतरवले आणि पावणेतीनला बोईसरच्या बाजारात, सगळ्यात गर्दीच्या जागी गाडी लावली. इंजिन बंद. किल्ली खिशात. काचा उघड्या. एका बाजूला वडापावची गाडी, दुसऱ्या बाजूला दोन कामगार हिंदीत सुट्टीवरून भांडत होते. इथं काय होणार होतं?

किल्ली काढल्यावर मीटर विझतं. ते विझलेलंच होतं. त्याच्या काळ्या काचेत त्याला वडापाववाल्याची छत्री दिसत होती.

तीन वाजता त्या काळ्या काचेत २४० उमटलं.

त्यानं खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती. मग पायाखालून घरघर सुरू झाली. गाडीची नव्हे. गाडीचा आवाज तो ओळखत होता. ही घरघर मोठ्या पंपाची होती, दाताच्या मुळापर्यंत जाणारी, आणि बाहेरच्या भांडणाचा एकेक शब्द तिच्यात बुडत गेला. समोर त्या कामगारांची तोंडं हलत होती, ऐकू मात्र काही येत नव्हतं. तापल्या तेलाचा तो गोडसर, घशाला चिकटणारा वास आला. चार वर्षांत तो वास त्याच्या नाकात आला नव्हता, एक स्वप्नं सोडली तर.

टक, टक.

हौद्यातून नव्हे. मागच्या सीटवरून, त्याच्या खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर. त्याच्या कण्याला हादरा बसला.

हात आपोआप उचलला गेला. एक टक दिली की थांबेल, हे त्याला माहीत होतं. शुक्रवारी थांबलं होतं. चार वर्षांपूर्वीही थांबलं होतं. त्यानं अंगठी स्टिअरिंगवर आपटली आणि सगळं एकदम शांत झालं. "...तो मेरी छुट्टी का क्या?" एक कामगार म्हणत होता.

कृष्णकांतनं आकड्याकडे बघितलंच नव्हतं. न बघता ठोकलं होतं, परत एकदा. हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची एवढी किळस आली की तो दार उघडून रस्त्यावर थुंकला. वडापाववाल्यानं विचारलं, "काका, पाणी देऊ?"

"नको," तो म्हणाला. त्यानं अंगठी काढायचा प्रयत्न केला. बोट सुजलं होतं, ती निघेना. "असं रोज होणार असेल," तो मोठ्यानं म्हणाला, "तर मीच येतो तुझ्या दारात. बघू कोण कुणाला घाबरवतं."

५

खिंड उतरल्यावर मनोरच्या अलीकडे डावीकडे कच्चा रस्ता आत जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास कृष्णकांतची पिकअप त्या रस्त्यावर धूळ उडवत पाड्यावर पोचली. हौद्यात ढोबळी मिरचीचा एक क्रेट होता. तो कशासाठी आणला, हे त्याचं त्यालाच नीट सांगता आलं नसतं.

देवूची बायको जिवली अंगणात नाचणीचा पेंढा रचत होती. तिशीची असेल. तिनं पेंढी खाली ठेवली, डोळ्यांवर हात धरून गाडीकडे बघितलं आणि त्याचा पाय बघून त्याला ओळखलं.

"तू सावे," ती म्हणाली. "मातीला आलेलास. मंग नाय आलास."

"हां," तो म्हणाला. चार वाक्यं पाठ करून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. "मिरच्या आणल्या. ढोबळी."

"मना नको मिरच्या." तिनं हात झटकले. रागानं नव्हे, नको म्हणून. "मना पालघरला जायाचा हाय. कचेरीत अर्ज दिलाय, बोलवलाय. सोडतोस?"

"कसला अर्ज?"

"कसला म्हंजे? तोच. माजा नवरा चुकला नाय, असा लिवून द्या म्हणून. चार वरसं देते. दर वेळी ते वहीचा झेरॉक्स दाकवतात. बोलतात, बघ बाई, तीन वाजता सगळा बरोबर व्हता." तिनं घरात जाऊन कापडी पिशवी आणली, पायांत चपला सरकवल्या. "वहीत लिवलाय तर मी काय बोलू? मना वाचता येत नाय. पण देवू चुकीचा व्हॉल बंद करनार नाय. तो झोपेतबी बोटांनी मोजायचा, कुटला उगडा, कुटला बंद."

कृष्णकांतनं पुढचं दार उघडलं. ती मागच्या दाराकडे गेली. "मी मागंच बसते," ती म्हणाली आणि सीटच्या मधोमध, पिशवी मांडीवर घेऊन बसली.

नाही म्हणायला अजून वेळ होता. मनोरहून दुसऱ्या गाडीत बसवून देता आलं असतं. त्यानं घड्याळात बघितलं, अडीच वाजून गेले होते. खिंडीत तीन वाजणार. त्यानं किल्ली फिरवली.

६

घाटाच्या पहिल्या वळणाला मीटरमध्ये नव्वद होते. दुसऱ्या वळणाला त्र्याण्णव. गाडी रिकामी, चढ तोच, सगळं ठीक. वही शेजारच्या सीटवर उघडी पडली होती आणि वाऱ्यानं पान फडफडत होतं. आरशात जिवलीच्या कपाळावरचं गोंदण दिसत होतं.

तिसऱ्या वळणाला दोनशेचाळीस.

मधले आकडे आलेच नाहीत. त्र्याण्णववरून एकदम दोनशेचाळीस. पंपाची घरघर पायांतून वर चढली. आखडलेला घोटा जुन्या आगीनं पेटला. त्याला वाटलं, गाडी सोडून द्यावी, दरीत जायची तर जाऊ दे. मग दात आवळून त्यानं ती डावीकडे घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालू ठेवलं. तेल फिरतं राहिलं पाहिजे.

टक, टक.

"ऐकतेस?" त्यानं विचारलं.

आरशात त्याला दिसलं, जिवली उजव्या बाजूला वळून बघत होती, त्याच्या खुर्चीमागच्या रिकाम्या जागेकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाजारात खूप वेळानं घरचं माणूस दिसावं तसं ती बघत होती. मग तिनं पिशवी उचलली आणि सरकून दुसऱ्या दाराला टेकून बसली, गाडीत कुणी चढलं की आपण जागा करून देतो तशी. ती उठली तेव्हा सीटचं मधलं रेक्झिन वर आलं. तिच्या उजवीकडचं मात्र खाली दबलेलंच राहिलं, जड माणूस बसल्यासारखं, आणि दबल्या जागेवर काहीतरी ओलसर, काळं चकाकत होतं.

कृष्णकांतनं आरसा हातानं वर फिरवला. तेवढं बस झालं.

टक, टक. खुर्चीच्या दांड्यावर, अगदी पाठीला लागून.

अंगठीचा हात हवेत गेला. एकदा ठोकलं की हे सगळं थांबणार होतं. तो पालघरला पोचला असता, जिवली कचेरीत गेली असती, तिला पुन्हा वही दाखवली गेली असती. आणि उद्या पुन्हा तीन वाजले असते.

"नाय ठोकणार," कृष्णकांत म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा, ओरडून म्हटलं. "आज बघितल्याशिवाय नाय ठोकणार!"

त्यानं वही मांडीवर घेतली. आजचं पान. तीन वाजता, दोनशेचाळीस. कंपनीचा नियम होता, चुकलेला आकडा गिरवायचा नाही, खोडरबर लावायचं नाही. एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, म्हणजे जुनंही दिसतं आणि कुणी बदललं तेही. त्यानं रेघ मारली. सही केली. मग मान वर करून मीटरकडे बघितलं.

३१२.

चार वर्षं त्याला हा आकडा माहीत नव्हता. कुणालाच नव्हता. त्या दिवशी हीटरच्या मीटरनं तो ढळढळीत दाखवला होता आणि बघायला समोर माणूसच नव्हता.

"तीनशेबारा," तो म्हणाला आणि लिहिलं. घाईत बाराचा दोन रकान्याबाहेर गेला. "जिवली, त्या दिवशी तीन वाजता तेल तीनशेबारावर होतं. दोनशेचाळीस मी दुपारीच लिहून ठेवलेलं. न बघता. देवूनं विचारलं, बघ म्हणून. मी बाहेर चहा पीत होतो. बघितलं नाय. सगळं ठीक म्हणून खूण केली. माझ्यामुळं गेला तो. त्याची चूक नव्हती."

इंजिनचा आवाज तेवढा राहिला. पंप थांबला होता. मीटरमधले आकडे भराभर उतरत होते, दोनशे, दीडशे, नव्वद, पन्नास, आणि सदतीसवर येऊन थांबले. घाट चढलेल्या गाडीचं तेल एवढं गार असूच शकत नाही. सदतीस म्हणजे हाताला नुसतं कोमट लागेल. ताप नसलेल्या माणसाच्या कपाळाइतकं.

तो जिवलीच्या शिव्यांची वाट बघत होता. त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मना कशाला सांगतोस?" ती शेवटी म्हणाली. "मना म्हाईत व्हता. त्यांना सांग. ज्या वहीत माजा नवरा चुकला, त्या वहीत रेग मार."

"मूळ वही कंपनीत आहे. मला आत टाकतील, जिवली."

"टाकू दे," ती म्हणाली. "गाडी चालव."

पालघरच्या नाक्यावर कचेरीकडे जाणारं वळण आलं. कृष्णकांत तिथं थांबला नाही. त्यानं बोईसरचा रस्ता धरला. गाडी जाईल, ओटा मिळेल, ओटाही मिळणार नाही कदाचित. असल्या विचारांतही त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. उमरोळी गेली. मीटरवर सदतीस. बोईसरचा पूल गेला. सदतीस. आरसा त्यानं वरच फिरवून ठेवला होता.

कंपनीच्या फाटकासमोर त्यानं गाडी उभी केली. वॉचमननं त्याला ओळखून सलाम ठोकला, पाय कसा आहे असं विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात पाठीमागून आलं. टक, टक.

कृष्णकांतनं मान वळवून मीटर बघितलं. नीट, पूर्ण बघितलं.

"सदतीस," तो मोठ्यानं म्हणाला.

जिवलीचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. तिच्या शेजारून, खुर्चीच्या दांड्यावर, एकदाच आवाज आला.

टक.